पुढे चायना, मागे कंपनी

गोंदियाच्या स्टँडवरून मी गाडी काढली तेव्हा जीपवाल्या मुन्नाने दोन्ही हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "चायनावाली निघाली कचारगडले. देवा, सवारी सुखरूप आन." टपरीवर चहा पीत उभे असलेले ड्रायव्हर हसले. मी काच वर केली. मला चार माणसांत बोलता येत नाही. शब्द तोंडापर्यंत येतो आणि तिथेच बसून राहतो. पण बोलता येत नाही म्हणजे मान्य आहे, असे नाही. मी पहिला गिअर टाकला आणि त्याच्या जीपला घासून जाईल इतक्या जवळून गाडी बाहेर काढली. घासली मात्र नाही.

माझ्या शेजारच्या सीटवर आमचे हे बसले होते. उभा जन्म त्यांनी हीच व्हॅन चालवली. साखरेने डोळ्यांवर पडदा आला तेव्हा त्यांनी मला शिकवले, नागऱ्याच्या रस्त्यावर, ऊन उतरल्यावर. माझी शाळा चौथीनंतर सुटली. सवारी गाडीच्या लायसनला पूर्वी आठवी पास लागत असे. ती अट उठली आणि मी अर्ज केला. लायसन हातात पडले त्या दिवशी यांनी चावी माझ्याकडे दिली आणि स्वतः डाव्या बाजूला जाऊन बसले. तेव्हापासून तिथेच आहेत. दिसत नाही, पण सांगणे थांबत नाही.

चायनावाली हे नाव मला टायरमुळे पडले. गेल्या महिन्यात पुढचे दोन्ही टायर गेले. नावाजलेल्या कंपनीचा एक येईल तेवढ्या पैशांत चायनाचे दोन येत होते. दुकानाचे शेठ म्हणाले, "देखो बाई, पुराना माल बचा है, अब बाहर से ज्यादा आता नहीं. चलता अच्छा है. आवाज करता है थोड़ा, बस." मी टायर वाकवून भेगा पाहिल्या. नव्हत्या. यांनी रबरावर अंगठ्याचे नख दाबले.

"नख रुतून नाई राहिलं," हे म्हणाले. "कडक आहे. लवकर झिजनार नाई, पन पान्यात धरनार बी नाई."

मी ऐकले आणि तरी घेतले. मागचे दोन टायर कंपनीचे होते, त्यांच्या खाचा अजून खोल होत्या, ते तसेच ठेवले.

"दोन सवती एका घरी आनल्या तू," हे म्हणाले. "भांडतीन."

स्टँडवर गाड्यांची लाइन असते. ज्याचा नंबर त्याची सवारी. मुन्नाने ड्रायव्हर संघटनेच्या अध्यक्षांच्या मनात भरवले की चायनाच्या टायरवर माणसे नेली तर उद्या काही झाल्यास पूर्ण स्टँडचे नाव जाईल. अध्यक्ष वयाने मोठे, तोंडाने गोड. ते म्हणाले, "बहन, कचारगडची जत्रा होऊ दे. मग बसून ठरवू. टायर बदलले नाई तर गाडी लाइनमधून काढा लागन." लाइनमधून काढली म्हणजे गाडी अंगणात उभी, आणि आम्ही दोघे ओट्यावर बसून तिच्याकडे पाहत. यांना तर तीही दिसणार नाही.

म्हणून ही कचारगडची फेरी माझ्यासाठी नुसती फेरी नव्हती. मी ठरवले होते, चायनाचा टायर कसा आहे हे मला मुन्नाकडून जाणून घ्यायचे नाही. शेठकडूनही नाही. तो माझ्या गाडीखाली आहे, मीच पाहीन.

गोरेगावचा रस्ता सकाळी मोकळा असतो. माघी पौर्णिमेचे दिवस होते. धानाच्या कापलेल्या बांध्या (बांध घातलेली लहान शेते) कोरड्या पडल्या होत्या आणि बांधांवर पळस पेटले होते. झाडाला पान नाही, नुसते फूल. जिथे रस्ता सिमेंटचा होतो तिथे पुढच्या चाकांतून आवाज सुरू झाला. एका सुरात, भांड्यात भुंगा अडकावा तसा. डांबर आले की तो कमी होई, सिमेंट आले की पुन्हा भरून येई. कंपनीचे टायर होते तेव्हा असा आवाज कधी नव्हता. हे मी लपवत नाही.

"तुह्या सवतीचं तोंड सुरू झालं," हे म्हणाले.

"घरात एकीले तरी तोंड असू द्या."

त्यावर ते हसले असावेत, मी रस्त्याकडे पाहत होते.

गोरेगावच्या अलीकडे पुढे-मागे कोणीच नव्हते. मी आरशात पाहिले आणि ब्रेक जोरात दाबला. गाडी नाक खाली घालून सरळ रेषेत थांबली. इकडे गेली नाही, तिकडे गेली नाही. यांचे कपाळ समोर आपटता आपटता राहिले.

"काय झालं? कुत्रं आलं काय?"

"काही नाई. पाहून राहिली होती."

"थांबली?"

"थांबली."

"कोरड्यात तं बैलगाडीबी थांबते," हे म्हणाले आणि कपाळ चोळत बसले.

गोरेगावात बाजाराच्या कोपऱ्यावर फुलाबाई वाट पाहत उभी होती. गोंड घरची म्हातारी, पिवळे लुगडे, हातात काठी, काठी टेकायला कमी आणि रस्ता दाखवायला जास्त. तिच्याबरोबर तिची सून आणि शेजारच्या दोन बाया होत्या. मुलगा जंगलखात्याच्या कामावर असतो, तो आदल्या दिवशीच जत्रेत पोचला होता. मी "जय भीम, मावशी" म्हटले. ती "जय सेवा, बाई" म्हणाली. मग गाडीभोवती एक चक्कर मारून तिने पुढच्या चाकावर काठी वाजवली.

"हे नवं दिसून राहिलं. कोठचं?"

"चीनचं आहे, मावशी."

"लय दुरून आलं वं. थकलं नसन ना?"

सून गोंडीत तिला काहीतरी बोलली, बहुधा गप बस म्हणाली. फुलाबाई तिला गोंडीतच काहीतरी बोलून यांच्या मागच्या सीटवर बसली. तिचे म्हणणे मला आवडले. महिनाभरात त्या टायरबद्दल कोणी विचारपूस केली अशी तीच पहिली.

गोरेगाव सोडून आमगावच्या रस्त्याला लागलो. या दिवसांत आमच्याकडे धानाच्या बांध्यांत मागाहून पेरलेली लाखोरी (लाख, तुरीसारखे खायचे कडधान्य) निघते. ती झोडायला कोणी बैल फिरवत बसत नाही. झाडे उपटून वाळवायची आणि डांबरी रस्त्यावर अंथरायची. येणारीजाणारी चाके झोडून देतात. रस्ता सरकारचा, पेट्रोल गाडीवाल्याचे, दाणे शेतकऱ्याचे. बाहेरचे ड्रायव्हर यावर शिव्या देतात. आमचे ड्रायव्हर गाडी हळू करून मुद्दाम वरून नेतात. तशी रीतच आहे.

एका गावाबाहेर अर्धा रस्ता लाखोरीने भरला होता. एका म्हाताऱ्याने हात वर केला. त्यांचे नाव सुखरामबाबा, ते मला नंतर कळले. डोक्याला टॉवेल, हातात लाकडी काटा, शेजारी बायको सूप घेऊन बसलेली.

"बाई, वरून ने. आनि वापस एकडाव घे."

मी वरून नेली. चाकाखाली शेंगा कुरकुर फुटल्या. मग रिव्हर्स घेतली, मग पुन्हा पुढे. फुलाबाईला मजा वाटली, ती खिडकीतून डोके काढून पाहत होती. सुखरामबाबांनी खाली बसून मूठभर दाणे उचलले, फुंकर मारली आणि तळहातावर पसरले.

"पुढचं चाक ठीक आहे," ते म्हणाले. "खाच बारीक आहे, दाना कमी फुटते. मांगचं चाक दाना फोडते. त्याची खाच लय मोठी."

"मागचे कंपनीचे आहेत बाबा," मी म्हटले. अनोळखी माणसाशी मी आपणहून बोलले, हे माझ्या नंतर ध्यानात आले.

"कंपनीचं काय करता? मले दाना अख्खा पायजे. सबसे अच्छा टायर पाहाचा असन तं तो मुन्ना आहे ना तुमच्या स्टँडचा, जीपवाला, त्याच्या जीपचा. चारी चाकं चकचकीत. हात फिरवला तं जेवाच्या थारीसारखी लागते. एक खाच नाई. तो वरून गेला का दाना जसाचा तसा. मी तं त्याले रोज चहा पाजतो."

आमचे हे एकदम सरळ बसले. "खाच नाई म्हनता?"

"नाई. एक नाई."

गाडी पुढे निघाली. मुन्नाच्या टायरवर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत आहे. त्याने ते पांढऱ्या रंगाने गिरवून घेतले आहे. स्टँडवर तो त्या नावाकडे बोट दाखवून बोलतो आणि सगळे त्या नावाकडेच पाहतात. मीही नावच पाहत आले होते. खाली वाकून चाकाची पाठ कोणी पाहिली नव्हती.

"नाव नाई झिजत," हे हळूच म्हणाले. "रबर झिजते."

आमगावच्या रेल्वे फाटकापाशी गाडी एका बाजूला कलली. मनात एकच, की चायनाचा गेला आणि आता ही बातमी गोंदियाला पोचणार. खाली उतरून पाहिले तर मागचा डावा बसला होता. कंपनीचा. त्यात बोटभर लांब खिळा शिरलेला. मी तिथेच रस्त्यावर उकिडवी बसून त्या खिळ्याकडे पाहत राहिले. खिळ्याचे आभार मानावेत असे वाटले, पण तेही खरे नव्हते. तो पुढच्या चाकाला मिळाला असता तर त्यातही शिरला असता. पंक्चरवाल्याने तेच सांगितले.

"मावशी, खिळ्याले वाचता येत नाई."

पंक्चर निघेपर्यंत आम्ही समोरच्या हॉटेलात पोहे खाल्ले. वर तर्री एवढी तिखट की यांचे डोळे पाणावले. "आता थोडं दिसून राहिलं," ते म्हणाले. फुलाबाईने पोह्यांना नको म्हटले आणि पदराच्या गाठीतून लाखोरीच्या डाळीचे वडे काढले, पळसाच्या पानात बांधलेले. एक मला दिला. बाहेरून कडक, आत लसूण. मी तो गाडी चालवतानाही चघळत होते.

सालेकशाच्या पुढे जमीन उठू लागते. धानाच्या बांध्या मागे राहतात, सागाचे आणि मोहाचे जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येते. त्याआधी एका बोडीच्या (लहान तळे) काठाला सारसांची जोडी दिसली, माणसाएवढी उंच, चिखलात पाय ठेवून सावकाश चालणारी. मी गाडी हळू केली. "काय आहे?" यांनी विचारले. "सारस." "दोघं आहेत ना?" "दोघं." ते समाधानाने मागे टेकले.

दरेकशाचे चढ-उतार गाडीने चांगले काढले. वळणे होती, मोरूम (लाल मुरूम) सांडलेला होता, तरी पुढची चाके सांगितले तिकडे वळत होती. मी मनात मुन्नाला उत्तरे देत होते. मनातली माझी उत्तरे फार चांगली असतात.

कचारगडच्या पायथ्याच्या धनेगावला गाड्यांची गर्दी होती. कुठकुठून लोक आलेले, पिवळे फेटे, झेंडे, ढोल. गाडी एका मोहाखाली लावून मी फुलाबाईबरोबर डोंगरातल्या देवाच्या गुहेकडे चढले. वाटेत एका दगडावर ती बसली आणि म्हणाली, "मी लहान होती तवा इकडं पायीच येत होतो, जंगलातून. तवा कोनतं टायर आनि कोनतं काय." मी म्हटले, "पाय तर होते." "हो," ती म्हणाली, "त्याचेबी दोन प्रकार राहत. माह्ये चांगले होते." गुहेच्या तोंडाशी इतका मोठा दगडी छताचा अंधार उघडतो की बाहेरचे ढोल एकदम लांब गेल्यासारखे वाटतात. फुलाबाई तिच्या देवाकडे गेली. तो तिचा देव, माझा नाही. मी बाजूला शांत उभी राहिले. तिथे कोणी मला कोण म्हणून विचारले नाही, ते मला फार बरे वाटले.

खाली आम्ही पत्रावळीवर भात आणि वांग्याची भाजी खाल्ली. मुन्नाची जीपही आलेली होती, त्याच मोहांच्या रांगेत. तो सवारी गोळा करत होता. मला पाहून म्हणाला, "पोचली काय? टायर मोजून घे, चारच आहेत ना?" मी त्याच्या जीपकडे पाहिले. या वेळी नावाकडे नाही, खाली. सुखरामबाबा खोटे बोलले नव्हते. चाक ताटासारखे चकाकत होते.

मी यांच्या खिशातून काडीपेटी घेतली. त्यांची जुनी सवय मला ठाऊक होती. खाच किती उरली ते पाहायला ते तिच्यात काडीचे गूल रोवत. गूल बुडाले तर टायर ठीक. मी आधी माझ्या पुढच्या चाकात काडी लावली, गूल बुडाले आणि वरची काडीही थोडी आत गेली. मागच्या चाकात तेवढेच. मुन्नाच्या चाकाशी वाकायचे धाडस मात्र तेव्हा झाले नाही. लोक होते.

दुपार कलली आणि डोंगरामागून काळे ढग वर आले. अवकाळी. फुलाबाई म्हणाली, "चल बाई, गारा पडतीन." आम्ही निघालो आणि दरेकशापाशीच पावसाने गाठले.

आता जे लिहिते ते खरे लिहिते, कारण मी कोणाची बाजू घ्यायला हे लिहीत नाही. ओल्या रस्त्यावरच्या पहिल्याच उतारावर मी स्टेअरिंग डावीकडे वळवले आणि गाडी वळली नाही. क्षणभर ती सरळच गेली, दगडी कठड्याच्या दिशेने. हातातले स्टेअरिंग हलके झाले, जणू पुढची चाके कोणी उचलून धरली आहेत. मग त्यांनी पकडले आणि गाडी वळली. मागच्या बाया गप्पांत होत्या, त्यांना कळले नाही. यांना कळले.

"धरलं नाई ना?"

"नाई."

"नख रुतलं नव्हतं," ते म्हणाले. आणखी काही म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मी वेग कमी केला. सायकलवाला पुढे जाईल एवढा. कंपनीचे नवे टायर पुढे असताना याच वळणावरून मी पावसात यापेक्षा वेगात गेले आहे आणि असे झाले नव्हते. ते तसे आहे. पैसा जास्त घेतात तो काही नुसत्या नावाचा घेत नाहीत, ओल्यात धरण्याचा घेतात. हे त्या दिवशी मला हाताला कळले. मुन्नाने कधी हे सांगितले नव्हते. त्याला तरी कुठे ठाऊक होते?

"काऊन हळू करून राहिली?" फुलाबाईने विचारले.

"चीनचं चाक थकलं, मावशी."

"मग आराम करू दे. घरी कोन वाट पाहून राहिलं? सारे तं इथंच आहेत."

आमगाव ओलांडले तेव्हा पाऊस थांबून भुरभुर उरली होती. मागून हॉर्न सुरू झाला. लांबलचक, बोट न उचलता. मुन्नाची जीप, सवारींनी भरलेली. मी बाजूला झाले. जाताना त्याने खिडकीतून हात हलवला. "चल ना वं चायना, बैलगाडी हाकून राहिली काय?" आणि पाणी उडवत पुढे गेला.

पुढे सुखरामबाबांची लाखोरी होती. पाऊस अचानक आल्याने सगळी उचलता आली नव्हती. अर्ध्या रस्त्यावर ओल्या काड्यांचा थर, त्यावर चाकांनी दाबून दाबून केलेला चिखल. बाबा काट्याने ढीग ओढत होते आणि त्यांची बायको रस्त्याच्या मधोमध वाकून काड्या कवेत घेत होती. मुन्नाने ब्रेक दाबला असावा, कारण मागचे लाल दिवे लागले. पण जीप थांबली नाही. ती तशीच, ताटावरून तेल ओघळावे तशी, आडवी होत गेली. म्हातारी बाजूला झाली आणि जीप तिच्या पदराला वारा घालून रस्त्याखाली बांधीत उतरली.

मी आधीच हळू होते. तरी ब्रेक दाबल्यावर काड्यांवर माझीही पुढची चाके घसरली. म्हातारी आता माझ्यासमोर उभी होती, कवेत काड्या, तोंड उघडे. मी ब्रेक सोडला, पुन्हा दाबला, सोडला, दाबला, जसे यांनी नागऱ्याच्या रस्त्यावर शिकवले होते तसे. गाडी थांबली. म्हातारीने हात लांब करून बॉनेटला टेकवला, गाडी खरेच थांबली आहे की नाही हे पाहायला.

"काऊन वं," ती म्हणाली, "दिसून नाई राहिलं काय?"

मी काच खाली करून फक्त हात जोडले. कंपनीचे टायर पुढे असते तर मी काड्यांच्या अलीकडेच थांबले असते. मुन्नाच्या टायरवर असते तर म्हातारीच्या पलीकडे. मी त्या दोघांच्या मधे थांबले, आणि तेही हळू होते म्हणून.

जीपमधल्या कोणाला फार लागले नव्हते. एका बाईचे कोपर खरचटले, एका माणसाची चप्पल चिखलात राहिली. सगळे बांधीत उभे राहून मुन्नाला बोलत होते. सुखरामबाबा काट्यावर हनुवटी टेकवून जीपकडे पाहत म्हणाले, "दाना अख्खा राहिला. जीप नाई राहिली."

माझ्या गाडीत दोर होता. तो मी काढून दिला. गावातून ट्रॅक्टर आला आणि जीप ओढू लागला. तेवढ्या वेळात मुन्ना बांधावर उभा राहून फोनवर बोलत होता, आणि मी दोराकडे लक्ष ठेवून त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होते. "चायनावालीनं साइड नाई देली," तो म्हणत होता. "तिची गाडी घसरली, मले वाचवा लागलं. हाव, अध्यक्षसाहब, म्हनूनच तं म्हनत होतो."

आमच्या यांनी हे ऐकले. ते हाताने चाचपत त्याच्या दिशेने निघाले. मी त्यांचा दंड धरला.

"सोड, मी बोलतो त्याले."

"राहू द्या. स्टँडवर."

"तू बोलशीन काय स्टँडवर?"

फुलाबाई खिडकीतून सगळे पाहत होती. गोरेगावला उतरताना तिने पुढच्या चाकाला काठी लावली आणि म्हणाली, "येनारच ना पुढच्या साली? तवा याले बदलून आन. आनि तूच चालवजो."

गोंदियाला पोचलो तेव्हा दिवे लागायचे होते. स्टँडवर सगळे जमलेले होते, अध्यक्षही. मुन्नाची चिखलाने माखलेली जीप आमच्या आधी पोचली होती. मी गाडी लाइनमध्ये, माझ्याच जागेवर लावली.

अध्यक्ष म्हणाले, "बहन, ऐकलं ते बरोबर नाई झालं."

शब्द तोंडापर्यंत आला आणि नेहमीसारखा बसला. मी त्याची वाट पाहिली नाही. काडीपेटी काढली आणि मुन्नाच्या जीपशी जाऊन बसले. चिखल हाताने पुसला. नाव पांढरे दिसू लागले. मी काडी चाकाच्या पाठीवर रोवायला गेले. रोवायला जागाच नव्हती. काडी आडवी झाली आणि खाली पडली. मी दुसऱ्या चाकाशी गेले. तिथेही पडली. मग माझ्या पुढच्या चाकाशी आले आणि चायनाच्या खाचेत काडी उभी केली. ती उभी राहिली. मी हात काढून घेतला.

मुन्ना म्हणाला, "तुही गाडी घसरली नाई काय? सांग ना, घसरली का नाई?"

"घसरली," मी म्हटले. माझा आवाज मला ऐकू आला. "दोनदा घसरली. चायना पान्यात कमी धरते, मले माहीत आहे, म्हनून मी हळू चालवते. तुले तुह्या टायरचं माहीत होतं काय?"

त्याने टायरवरच्या पांढऱ्या नावाकडे पाहिले.

"सुखरामबाबाले माहीत आहे," मी म्हटले. "लाखोरी झोडाले तुह्या टायरसारखा टायर नाई म्हनते. रोज चहा पाजते ना तुले?"

आधी आमचे हे हसले, मग टपरीवाला, मग बाकीचे. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी वाकून जमिनीवरची काडी उचलली, थोडा वेळ बोटांत धरली आणि लाइनीतल्या पुढच्या गाडीकडे गेले. मग तिच्या पुढच्या. काही ड्रायव्हर आपापल्या गाड्यांसमोर उभे राहिले, जणू चाके पायांमागे लपतील.

बैठक पुढे झाली, पण तिच्यात माझ्या टायरचा विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नंबर होता तिथेच होता. आता स्टँडवर दर आठवड्याला काडी फिरते. सगळ्यांच्या चाकांत, नाव कोणतेही असो. मुन्नाने जीपला नवे टायर घातले आहेत, आणि सुखरामबाबांचा निरोप आला की आता दाणे फार फुटून राहिले.

मला अजूनही चायनावालीच म्हणतात. म्हणू देत. त्या टायरवर मी कचारगड पाहिले, कोरड्यात ते कोणाहून मागे नाहीत आणि ओल्यात ते खरेच कमी पडतात. दोन्ही गोष्टी मी चालवून शिकले, ऐकून नाही. मिरग लागण्याआधी मी पुढचे दोन्ही टायर बदलणार आहे आणि चांगले घालणार आहे. ते मुन्नाच्या म्हणण्याने नाही, आणि अध्यक्षांच्याही नाही. सुखरामबाबांच्या बायकोने बॉनेटवर टेकवलेला हात मला आठवतो म्हणून. तोपर्यंत सिमेंटचा रस्ता आला की पुढची चाके गुणगुणतात, आणि शेजारच्या सीटवरून आवाज येतो, "बोलून राहिली तुही सवत."

मी म्हणते, "बोलू द्या. आता आम्ही दोघी बोलतो."